संगणकजाळ्याची नाडीपरीक्षा

सातबाराचा उतारा असो, उत्पन्नाचा दाखला असो वा निवृत्तिवेतनाची नोंद असो, नागरिकाला हवा असलेला कागद आज बहुधा गावच्या दप्तरात नसतो. तो दूरच्या एखाद्या सर्व्हरवर असतो आणि केबल, राउटर, फायबर, दूरसंचार कंपनीची यंत्रणा अशा अनेक टप्प्यांमधून प्रवास करून सेवा केंद्राच्या पडद्यावर उमटतो. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु या साखळीतील एखादी कडी निखळली की खिडकीपाशी एकच वाक्य ऐकू येते : “नेट बंद आहे, उद्या या.” रोजंदारी बुडवून आलेल्या शेतमजुराच्या दृष्टीने या वाक्याची किंमत एका दिवसाच्या मजुरीइतकी असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला आहे. केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या प्रकल्पाने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम हाती घेतले. तथापि, कायदा आणि फायबर या दोहोंचा लाभ खिडकीपर्यंत पोहोचावयाचा तर आणखी एक गोष्ट आवश्यक असते. जाळे बंद पडले तर ते नेमके कोठे बंद पडले, हे त्वरित सांगता आले पाहिजे. दोष केंद्रातील केबलीत असताना तक्रार दूरसंचार कंपनीकडे गेली, किंवा दोष सर्व्हरवर असताना केंद्राचा राउटर बदलला गेला, तर वेळ, पैसा आणि विश्वास हे तिन्ही वाया जातात.

दोष शोधण्याची साधने निराळी विकत आणावी लागत नाहीत. पिंग, ट्रेसरूट, एनएसलुकअप यांसारख्या छोट्या आज्ञा बहुतेक संगणकांमध्ये आधीपासून असतात अथवा विनामूल्य बसविता येतात. अडचण निराळीच आहे. खिडकीवरील संगणकावर विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, सर्व्हर लिनक्सवर चालतो, तर दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाच्या पिशवीत एखादे वेळी मॅकचा संगणक असतो. तीनही संगणकांवर ‘पिंग’ हेच नाव टंकित केले, तरी तिन्ही एकाच रीतीने वागत नाहीत आणि एकाच भाषेत उत्तर देत नाहीत. परिणामी, पुष्कळदा जाळे ठणठणीत असते आणि साधनाच्या बोलीचा अर्थच चुकीचा लावला जातो. हा फरक कोठून आला व तो ओळखून अचूक निदान कसे करावे, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

साधनांचा जन्म

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून पाठविला जातो. त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट इष्ट स्थळी पोहोचू शकले नाही, तर तसे पाठविणाऱ्याला कळविण्याची व्यवस्था असावी, या हेतूने सप्टेंबर १९८१ मध्ये आयसीएमपी नावाची संदेशपद्धती आरएफसी ७९२ या दस्तऐवजाद्वारे निश्चित करण्यात आली. जॉन पोस्टेल हे त्याचे लेखक. ‘हाक’ आणि ‘ओ’ या स्वरूपाच्या संदेशांची एक जोडी याच दस्तऐवजात आहे. एका संगणकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने, ती ऐकू आल्यास, ओ द्यावी, इतकाच तिचा अर्थ.

या जोडीचा उपयोग करून डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस यांनी ‘पिंग’ हा छोटा कार्यक्रम लिहिला. ते अमेरिकी सैन्याच्या मेरीलँड राज्यातील बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करीत होते. पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या सोनार यंत्राचा जो ध्वनी होतो, त्यावरून त्यांनी हे नाव दिले. याच दशकाच्या अखेरीस लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरीतील व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून ‘ट्रेसरूट’ तयार केला. पॅकेट कोणकोणत्या राउटरांमधून जाते, याचा मागोवा हा कार्यक्रम घेतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दस्तऐवजाने संदेशाचे स्वरूप ठरवून दिले. तो पाठविणाऱ्या साधनाने कसे वागावे, किती हाका द्याव्यात, किती वेळ थांबावे आणि आज्ञेपुढील कोणत्या अक्षराचा कोणता अर्थ घ्यावा, हे मात्र त्याने सांगितले नाही. युनिक्स परंपरेतील प्रणालींनी एक रीत स्वीकारली, मायक्रोसॉफ्टने आपली वेगळी रीत घडविली, लिनक्सची रीत पुढे आणखी बदलत गेली. पोस्टकार्डाचा आकार देशभर एकच असावा, पण पत्र लिहिण्याची तऱ्हा घरोघरी निराळी असावी, तसाच हा प्रकार आहे.

एकच अक्षर, निरनिराळे अर्थ

विंडोजवर पिंग चालविला असता तो चार हाका देतो आणि थांबतो. प्रत्येक हाकेबरोबर ३२ बाइट माहिती जाते. लिनक्स आणि मॅक यांवर तोच पिंग ५६ बाइट माहिती घेऊन दर सेकंदाला एक हाक देत राहतो आणि कंट्रोल व सी ही बटणे एकत्र दाबेपर्यंत थांबत नाही. विंडोजची सवय असलेल्या कर्मचाऱ्याला लिनक्सवरील पिंग ‘अडकला’ असे वाटते, ते यामुळेच.

हाकांची संख्या ठरवावयाची असेल तर विंडोजवर आज्ञेपुढे वजा चिन्हासह ‘एन’ हे अक्षर आणि संख्या द्यावी लागते. लिनक्स आणि मॅकवर त्याच कामासाठी ‘सी’ हे अक्षर आहे. तेथे ‘एन’चा अर्थ ‘नावे न शोधता केवळ अंकी पत्ते दाखवावेत’ असा होतो. ‘टी’ या अक्षराची कथा याहून चमत्कारिक आहे. विंडोजवर त्याचा अर्थ ‘थांबविले जाईपर्यंत हाका देत राहा’ असा आहे. लिनक्सवर त्याच अक्षराने पॅकेटचे आयुष्य, म्हणजे त्याने जास्तीत जास्त किती राउटर ओलांडावेत, हे ठरते. मॅकवर ‘टी’ म्हणजे किती सेकंदांनी पिंगचे काम संपवावे याची मर्यादा होय.

उत्तराची वाट किती वेळ पाहावी, हे सांगतानाही असाच घोटाळा संभवतो. विंडोजवर ही मुदत ‘डब्ल्यू’ या अक्षराने मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, द्यावयाची असते. मॅकवर मोठ्या लिपीतील डब्ल्यू वापरतात आणि तेथेही एकक मिलिसेकंदच आहे. लिनक्सवर मात्र मोठ्या डब्ल्यूपुढील आकडा सेकंदांत समजला जातो. मॅकवर लिहिलेली १००० या आकड्याची आज्ञा जशीच्या तशी लिनक्सवर चालविली, तर एका सेकंदाऐवजी हजार सेकंदांची, म्हणजे सोळा मिनिटांहून अधिक मुदत मागितली जाते.

काही अक्षरांच्या बाबतीत तर सावधगिरीच बाळगावयास हवी. विंडोजवर ‘एफ’ म्हणजे ‘पॅकेटचे तुकडे करू नका’ ही निरुपद्रवी सूचना. लिनक्सवर ‘एफ’ म्हणजे हाकांचा लोंढा सोडणे. चालू जाळ्यावर असा लोंढा सोडल्यास इतरांच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. यास्तव दुसऱ्या प्रणालीवरील आज्ञा नकलून घेण्यापूर्वी त्या त्या संगणकावरील मदतीचे पान वाचण्याची सवय ठेवणे हिताचे होय. विंडोजवर आज्ञेपुढे तिरकी रेघ व प्रश्नचिन्ह दिले असता, आणि इतर दोन्हींवर ‘मॅन’ या शब्दापुढे आज्ञेचे नाव दिले असता, हे पान बहुधा मिळते.

उत्तर आले, पण कोणाचे?

पिंगच्या शेवटी येणारा हिशेब पाहून निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. हा हिशेबही प्रणालीगणिक निराळा असतो. कार्यालयातील एक छपाई यंत्र बंद आहे आणि विंडोज संगणकावरून त्याच्या पत्त्यावर पिंग केला आहे, असे समजू. यंत्राचा शोध लागत नाही, म्हणून संगणक स्वतःच ‘इष्ट स्थळी पोहोचता येत नाही’ असा संदेश देतो. हा संदेशही ‘उत्तर’ म्हणूनच छापला जातो आणि शेवटच्या हिशेबात पाठविले चार, मिळाले चार, हरवले शून्य अशी नोंद होते. केवळ शेवटची ओळ वाचणारा कर्मचारी यंत्र चालू असल्याचा अहवाल देऊन मोकळा होतो. वस्तुतः उत्तर कोणाकडून आले, हे प्रत्येक ओळीत लिहिलेले असते. तो पत्ता आपल्याच संगणकाचा असेल, तर ते उत्तर नव्हे, तो नकार आहे. याच प्रसंगी लिनक्स तोच नकार ‘त्रुटी’ म्हणून वेगळा मोजतो आणि शंभर टक्के हानी दाखवितो.

उलट प्रकारही घडतो. उत्तर न आल्यास विंडोज आणि मॅक ‘मुदत संपली’ अशा आशयाची ओळ छापतात. लिनक्सवरील पिंग मात्र अशा वेळी काहीच न छापता पुढची हाक देतो. तेथे हरवलेल्या पॅकेटांचा सुगावा क्रमांकांतील खंडावरून घ्यावा लागतो. सातनंतर एकदम अकरावा क्रमांक आला, तर मधली तीन उत्तरे आली नाहीत, असा अर्थ होतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, उत्तर न येणे हा यंत्र बंद असल्याचा पुरावा नव्हे. विंडोजमधील फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पॅकेटांची छाननी करणारी व्यवस्था, सामान्यतः बाहेरची हाक ऐकूनही ओ देत नाही. मॅकमध्येही अशी गुप्तता पाळण्याची सोय आहे. अनेक मोठे सर्व्हर सुरक्षिततेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत, पण संकेतस्थळाची सेवा बिनदिक्कत देत असतात. दार ठोठावल्यावर कोणी ओ दिली नाही, एवढ्यावरून घर रिकामे आहे असे मानता येत नाही.

वाटेचा मागोवा

ट्रेसरूटची युक्ती मोठी मार्मिक आहे. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्यावर आला की राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि पाठविणाऱ्याला तसे कळवितो. ट्रेसरूट प्रथम एक आयुष्य असलेले पॅकेट सोडतो, म्हणून पहिला राउटर आपली ओळख देतो. मग दोन, मग तीन, असे करीत सारी वाट उजेडात येते.

परंतु पॅकेट कोणत्या जातीचे असावे, याविषयी प्रणालींमध्ये एकमत नाही. लिनक्स आणि मॅक नेहमीच्या रीतीने यूडीपी जातीची पॅकेटे सोडतात. ती सहसा वापरात नसलेल्या, ३३४३४ पासून पुढच्या क्रमांकांच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या आतील दारांवर जातात. शेवटच्या यंत्राने ‘असे दार येथे नाही’ असे कळविले की मुक्काम आला, असे समजते. विंडोजवर या साधनाचे नाव ‘ट्रेसर्ट’ असे संक्षिप्त आहे आणि ते यूडीपीऐवजी पिंगप्रमाणेच आयसीएमपीची हाक वापरते. वाटेतील एखादी फायरवॉल यूडीपी अडवीत असेल आणि आयसीएमपी सोडीत असेल, तर त्याच खोलीतील विंडोज संगणक पूर्ण वाट दाखवितो, तर लिनक्स संगणक अर्ध्या वाटेपासून नुसते तारे छापीत राहतो. दोन्ही संगणक खरेच सांगत असतात. त्यांनी प्रश्न निराळे विचारले, म्हणून उत्तरे निराळी आली.

अशा वेळी दोन्हींना एकच प्रश्न विचारावयास लावणे, हा उपाय होय. लिनक्स आणि मॅकवर मोठ्या लिपीतील ‘आय’ हे अक्षर दिले असता ट्रेसरूट आयसीएमपी वापरतो. लिनक्सवर मोठ्या ‘टी’ने टीसीपी जातीची पॅकेटे पाठविता येतात. संकेतस्थळे याच जातीच्या पॅकेटांवर चालत असल्याने, ४४३ क्रमांकाच्या पोर्टकडे असा मागोवा घेतल्यास प्रत्यक्ष सेवेच्या वाटेचे अधिक विश्वसनीय चित्र मिळते. त्यासाठी सामान्यतः प्रशासकाचे अधिकार लागतात.

वेगातील फरकानेही गोंधळून जाऊ नये. लिनक्सवरील ट्रेसरूट एकाच वेळी अनेक पॅकेटे सोडतो. विंडोजवरील ट्रेसर्ट एकामागून एक पॅकेट सोडतो, प्रत्येक न आलेल्या उत्तरासाठी चार सेकंद थांबतो आणि शिवाय प्रत्येक राउटरचे नाव शोधत बसतो. नावांचा शोध टाळण्यासाठी विंडोजवर ‘डी’ आणि इतरत्र ‘एन’ हे अक्षर द्यावे. एवढ्याने तपासणीचा पुष्कळ वेळ वाचतो.

मधल्याच एखाद्या राउटरपाशी तारे दिसले किंवा पॅकेटांची हानी दिसली, पण त्यापुढचे सर्व टप्पे आणि अखेरचा मुक्काम सुरळीत असला, तर तो दोष समजू नये. राउटरचे मुख्य काम पॅकेटे पुढे पाठविण्याचे असते. स्वतः उत्तर देणे हे त्याचे दुय्यम काम असल्याने पुष्कळ राउटर अशा उत्तरांवर मर्यादा घालतात. हानी एखाद्या टप्प्यापासून सुरू होऊन अखेरपर्यंत कायम राहत असेल, तरच त्या टप्प्याकडे बोट दाखवावे.

नावाचा घोळ

माणसे नावाने ओळखतात, यंत्रे अंकी पत्त्याने. नावावरून पत्ता काढून देणारी व्यवस्था, जी डीएनएस म्हणून ओळखली जाते, १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. ‘नेट बंद’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी काहींमध्ये जाळे चालू असते, फक्त ही नामसूची उत्तर देत नसते.

येथेही दोन साधने एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. एनएसलुकअप आणि डिग ही साधने थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. पिंग आणि ब्राउझर मात्र सामान्यतः संगणकाच्या स्वतःच्या व्यवस्थेमार्फत नाव शोधतात. ही व्यवस्था आधी ‘होस्ट्स’ नावाची स्थानिक फाईल आणि साठवून ठेवलेली जुनी उत्तरे पाहते. म्हणून सर्व्हरचा पत्ता बदलल्यानंतर एनएसलुकअप नवा पत्ता दाखवितो आणि पिंग जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहतो, असे घडू शकते. विंडोजवर आयपीकॉन्फिग या आज्ञेला ‘फ्लशडीएनएस’ ही सूचना जोडून साठविलेली उत्तरे पुसता येतात. तरीही जुनाच पत्ता येत असेल, तर होस्ट्स फाईल पाहावी. लिनक्सवर ‘गेटेंट’ या आज्ञेने संगणकाची स्वतःची व्यवस्था कोणता पत्ता देते, ते कळते.

पत्त्यांच्या दोन पिढ्यांमुळेही साक्षी जुळत नाहीत. एखाद्या नावाला जुन्या चौथ्या आवृत्तीचा आणि नव्या सहाव्या आवृत्तीचा असे दोन्ही पत्ते असतील, तर विंडोज वा लिनक्सवरील पिंग सहाव्या आवृत्तीचा पत्ता निवडू शकतो. मॅकवरील पिंग मात्र चौथ्या आवृत्तीपुरताच असून सहावीसाठी ‘पिंग ६’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. विंडोज आणि लिनक्सवर आज्ञेपुढे ‘४’ किंवा ‘६’ हा आकडा वजा चिन्हासह दिल्यास हा संभ्रम उरत नाही.

साधनच नाही, किंवा परवानगी नाही

कित्येकदा साधन चालतच नाही. लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरली गेलेली ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा अनेक नव्या वितरणांमध्ये आपोआप बसविलेली नसते. तिची जागा ‘आयपी’ या आज्ञेने, आणि ‘नेटस्टॅट’ची जागा ‘एसएस’ने घेतली आहे. मॅकवर इफकॉन्फिग आजही आहे, तर विंडोजवर आयपीकॉन्फिग. ट्रेसरूटही काही लिनक्स वितरणांत मुद्दाम बसवावा लागतो. ‘आज्ञा सापडली नाही’ हा संदेश जाळ्याविषयी काहीही सांगत नाही, हे विसरता कामा नये.

‘या कृतीस परवानगी नाही’ हा संदेशही तसाच. पिंगसाठी लागणारी पॅकेटे हाताने घडविण्याचा अधिकार युनिक्स परंपरेत केवळ प्रशासकाला असे आणि म्हणून पिंगला विशेष अधिकार देऊन ठेवलेले असत. लिनक्सवर ही फाईल दुसरीकडे नकलून घेतली वा मर्यादित अधिकारांच्या वेष्टनात ती चालविली, तर ते अधिकार निसटू शकतात. पॅकेट उघडून पाहणाऱ्या वायरशार्कसारख्या साधनाला प्रत्येक प्रणालीवर निराळी परवानगी लागते. विंडोजवर त्यासाठी एनपीकॅप हा जोडकार्यक्रम असावा लागतो. अशी साधने इतरांच्या मजकुरापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून कार्यालयीन जाळ्यावर ती सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीनेच वापरावीत.

मोठे पाकीट अडते तेव्हा

सेवा केंद्रांच्या कामाशी निगडित असा एक दोष विशेष फसवा आहे. संकेतस्थळ उघडते, नावनोंदणी होते, पण कागदपत्रांची छायाप्रत पाठविताना काम अडून बसते. पिंगला उत्तरे येतात, म्हणून जाळे निर्दोष ठरविले जाते. वास्तविक लहान पॅकेटे जात असतात आणि मोठी अडत असतात.

सर्वसाधारण इथरनेट जाळ्यावर एका पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइट असतो. शीर्षभागाचे २८ बाइट वजा जाता पिंगमध्ये १४७२ बाइट माहिती मावते. ‘तुकडे करू नका’ या अटीसह एवढे पॅकेट पाठवून पाहावे. विंडोजवर त्यासाठी ‘एफ’ आणि ‘एल’, मॅकवर मोठा ‘डी’ आणि लहान ‘एस’, तर लिनक्सवर मोठ्या ‘एम’पुढे ‘डू’ आणि लहान ‘एस’ अशी योजना आहे. आकाराचा आकडा ‘एल’ किंवा ‘एस’पुढे द्यावयाचा असतो. १४७२ बाइटांचे पॅकेट अडले आणि १४६४ चे गेले, तर वाटेत पीपीपीओई पद्धतीची जोडणी असल्याचा संभव असतो. ती आपल्या वेष्टनासाठी आठ बाइट घेते. राउटरवर योग्य आकार नमूद केला की हा दोष बहुधा दूर होतो.

तपासणीचा क्रम

साधनांची बोली समजली, तरी प्रश्न क्रमाने विचारले नाहीत तर निदान चुकते. तपासणी नेहमी जवळून दूर जावी.

प्रथम केबल आणि दिवे पाहावेत व संगणकाला पत्ता मिळाला आहे काय, हे पाहावे. पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर तो बहुधा संगणकाने पत्ता न मिळाल्यामुळे स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी दोष केंद्राच्या आतच शोधावा. दुसऱ्या पायरीवर गेटवेला, म्हणजे केंद्राच्या स्वतःच्या राउटरला पिंग करावा. तेथून उत्तर येत असेल, तर तिसऱ्या पायरीवर बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला पिंग करावा. हे साधले आणि नावाने मात्र काम होत नसेल, तर चौथ्या पायरीवर नामसूची तपासावी. नावही सापडत असेल, तर पाचव्या पायरीवर प्रत्यक्ष सेवेचे दार उघडे आहे काय, हे पाहावे. त्यासाठी विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, आणि लिनक्स व मॅकवर ‘एनसी’ ही आज्ञा पोर्टच्या क्रमांकासह वापरता येते. पूर्वी या कामी येणारा टेलनेट आता विंडोज आणि मॅकवर आपोआप उपलब्ध नसतो. दार उघडे असूनही पान येत नसेल, तर दोष जाळ्याचा नसून सेवेचा असण्याचा संभव अधिक.

एका संगणकावरील निष्कर्षाची पडताळणी शक्य असेल तेथे दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावरून करावी. उत्तरे जुळली तर खात्री वाढते. ती जुळली नाहीत तर जाळ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी, दोन्ही साधनांनी एकच प्रश्न विचारला होता काय, हे पाहावे.

या तपासणीस दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ सहसा लागू नये. तारीख, वेळ, संगणकाची प्रणाली, दिलेली आज्ञा आणि मिळालेले उत्तर यांची नोंद एका वहीत ठेवली, तर तक्रारीचे स्वरूपच पालटते. ‘नेट बंद आहे’ या तक्रारीवर कोणीही कोणाकडेही बोट दाखवू शकतो. ‘गेटवेचे उत्तर येते, बाहेरच्या पत्त्याचे येत नाही, सकाळी १०.२० पासून ही स्थिती आहे’ या तक्रारीला मात्र संबंधित यंत्रणेला नेमके उत्तर द्यावे लागते. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या नागरिकालाही मग ‘उद्या या’ असे मोघम सांगण्याची पाळी येत नाही. बिघाड कोठे आहे, तो कोणाला कळविला आहे आणि काम केव्हा होण्याजोगे आहे, हे त्याला सांगता येते. त्याची पुढची खेप त्यामुळे वाचू शकते.